सेंटर मान का वळवतो

मी एकतीस वर्षं अमेरिकन फुटबॉलमधले क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळी चालवणारे गडी, पारखतोय, आणि माझ्याइतका चोख पारखी आख्ख्या लीगमध्ये दुसरा नाही, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत आलोय. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. माझं नाव लायल हॅस्केट. टोलिडोच्या संघात माझी खोली तळघरात आहे. खिडकी नाही. एक पडदा, एक रिमोट आणि एक खुर्ची, जिच्यात माझ्याशिवाय कुणी बसत नाही. दुसऱ्या संघांचे खेळाडू बघायचे, त्यांना मार्क द्यायचे आणि कुणाच्या बदल्यात काय सोडावं ते वर कळवायचं, हे माझं काम.

आम्ही बघतो ती फिल्म मुकी असते. स्टेडियमच्या पार वरून घेतलेली, मैदानातली बावीसच्या बावीस माणसं दिसतील अशी. समालोचक नाही, गर्दीचा आवाज नाही, काही नाही. आमच्यातले काही दीडशहाणे टीव्हीवरचं आवाजी चित्रण लावून बसतात. त्यांना मी खोलीतून हाकलून देतो. टीव्हीवाला बडबडतो आणि तुमचे डोळे त्याच्या तोंडामागे धावतात. माझं एक वाक्य इथे सगळ्यांना पाठ आहे, जेवताना माझी नक्कल करतात तीही त्याच वाक्यानं: फिल्मवर नसेल तर ते नाहीच. कोचच्या गप्पा, एजंटांच्या थापा, पेपरवाल्यांची कौतुकं, सगळं बाजूला ठेवा आणि मला फिल्मवर दाखवा.

तरी चार वर्षांपूर्वी मी तोंडघशी पडलोच. टेनंट नावाचा एक गडी कॉलेजातून आला, मी म्हणालो डोळे मिटून घ्या, कॉलेजच्या पोरांच्या वार्षिक निवडीत त्यांनी तो पहिल्याच फेरीत घेतला, आणि दोन हंगामांत तो विम्याच्या पॉलिसी विकायला लागला. कर्टिस व्हेलन आमचा जनरल मॅनेजर. कोण यायचं आणि कोण जायचं ते तोच ठरवतो. तो तेव्हा मला एका शब्दानं बोलला नाही. फक्त टेनंटचा फोटो त्यानं आपल्या टेबलामागे भिंतीवर टांगून ठेवलाय. मी खोलीत गेलो की तो आधी फोटोकडे बघतो, मग माझ्याकडे. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

या ऑक्टोबरात आमच्या क्वार्टरबॅकचा अंगठा मोडला. संघ जिंकत होता, आणि नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपणार होती. कर्टिसनं मला वर बोलावलं, फोटोकडे बघितलं आणि म्हणाला, त्याआधी एक माणूस शोध.

मी शोधला. पोर्टलंडचा ग्रेडी सॉलिस, वय तेहतीस, मूळचा टेक्ससमधल्या लरेडोचा. पोर्टलंडचा हंगाम बुडालेला होता, ते त्याला सोडायला तयार होते. त्याच्या सात सामन्यांच्या फिल्म मी प्रत्येकी तीनदा पाहिल्या.

मला जे दिसलं ते सांगतो. दोन खेळींच्या मध्ये चाळीस सेकंदांचं घड्याळ असतं. पुढची खेळी कोच क्वार्टरबॅकच्या कानात सांगतो, शिरस्त्राणातल्या रेडिओवरून, आणि पंधरा सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद पडतो. मग पुढचं सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर. कोंडाळ्यात बाकीच्या दहा जणांना खेळी सांगायची, खेळी जिथून सुरू होते त्या रेषेवर सगळे यायचे, आणि तो सेंटरच्या मागे उभा राहायचा. सेंटर म्हणजे चेंडूवर ओणवा होऊन तो पायांमधून मागे देणारा गडी. इतर क्वार्टरबॅक इथे घाईला येतात, हातवारे करतात, ओरडतात. ग्रेडी नुसता उभा. पाच सेकंद, चार सेकंद, हा आपला उभा. मग त्याचा सेंटर, लोटो नावाचा सामोआ बेटांवरचा गडी, एकशे चाळीस किलोंचा, मान वळवून त्याच्याशी काहीतरी बोलायचा, ग्रेडी मान हलवायचा, आणि शेवटच्या सेकंदाला चेंडू हलायचा. प्रत्येक वेळी हेच.

मी अहवालात लिहिलं: ‘घड्याळाला भीत नाही. शेवटच्या सेकंदापर्यंत समोरचा बचाव वाचत राहतो. तेरा वर्षं मुरलेला सेंटरसुद्धा प्रत्येक खेळीआधी मान वळवून याला विचारतो. हा माणूस रेषेचा मालक आहे.’ शेवटचं वाक्य मला इतकं आवडलं की ते मी एकट्यानंच दोनदा मोठ्यानं वाचलं.

पुढच्या वर्षीची आमची पहिल्या फेरीची निवड आणि त्याच्या पुढच्या वर्षीची दुसऱ्या फेरीची, एवढा भाव मी सांगितला. कर्टिस कुरकुरला. त्याच्याकडे वयाप्रमाणे किंमत काढायचा तक्ता आहे, त्यात तेहतिशीला क्वार्टरबॅक निम्म्यावर येतो. मी म्हणालो, तो तक्ता खांद्यांचा आहे, डोक्यांचा नाही. खांदा झिजतो, डोकं मुरतं. मला माझंच बोलणं फार पटलं होतं.

त्याआधी मी एकदा पोर्टलंडला जाऊनही आलो होतो. सामन्याआधी खेळाडू अंग मोकळं करतात, तेव्हा आमच्यासारखे लोक कडेला उभे राहून बघतात. लोटो माझ्याजवळ बुटांचे बंद आवळत बसला होता. मी खुशीत होतो, म्हणून त्याच्याकडे वाकून म्हणालो, ‘तुम्ही दोघं रेषेवर जे करता ना, ते मी सगळं पाहिलंय. खरी किंमत त्याचीच आहे.’ त्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं. नाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यानं माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सोडेचना. मला वाटलं, गड्याला कौतुक गोड लागलं.

मंगळवारी सौदा झाला. बुधवारी सकाळी मीच ग्रेडीला आणायला विमानतळावर गेलो, कारण माल माझ्या पसंतीचा होता. मला बघताच तो लांबूनच हसला आणि नाव घेऊन हाक मारली. गाडीत अगदी मजेत होता. इथली थंडी बघून म्हणाला, सर, हे खेळायचं मैदान आहे की मासे ठेवायची पेटी. मला माणूस आवडला. आजही सांगतो, फार आवडला.

डॉक्टरांनी पास केल्याशिवाय सौदा पक्का होत नाही. दुपारी चारच्या आत पोर्टलंडला होकार कळवायचा होता. तपासणीच्या खोलीत नर्सनं त्याला बाही वर करायला सांगितली. खेळ्यांचे कागद ठेवायचा पट्टा क्वार्टरबॅक मनगटावर बांधतात, पण सामन्यात. यानं तो शर्टाच्या आत बांधलेला होता. त्यानं तो सोडला आणि माझ्या हातात दिला. म्हणाला, ‘जपून ठेवा हं.’

मी बाहेर बाकावर बसलो आणि सहज झडप उघडून बघितली. आत खेळ्यांचा कागद नव्हताच. निळ्या पेनानं, मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: ‘बुधवार. टोलिडो. न्यायला येईल तो हॅस्केट. पांढऱ्या मिशा. भला माणूस. त्याला माहीत आहे.’ खाली आणखी एक ओळ: ‘मुली. आना नऊ. रूबी सहा.’

मी ते चार-पाचदा वाचलं. मला काय माहीत आहे, तेच मला कळेना. आणि स्वतःच्या मुलींची नावं कुणी मनगटावर लिहून ठेवतो का?

आत त्याचे खांदे झाले, गुडघे झाले, हृदय झालं. शेवटी स्मरणशक्तीची परीक्षा. संगणकावर शब्द दाखवतात, आकृत्या दाखवतात, मग आठवायला सांगतात. ही परीक्षा प्रत्येक खेळाडू आपल्या पहिल्या वर्षी देतो, आणि जो जरा शहाणा असतो तो ती मुद्दाम वाईट देतो. पुढे डोक्याला मार बसला की डॉक्टर नवे मार्क जुन्यांशी ताडून बघतात. जुनेच कमी असले की घसरण दिसत नाही आणि रविवारी मैदानात उतरता येतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही त्यावर विनोद करतो, मीही केलेत.

डॉक्टर बाहेर आले ते खुशीतच. म्हणाले, ‘अकरा वर्षांपूर्वी होते तितकेच मार्क. एक इकडचा तिकडे नाही.’

त्यांच्यामागून ग्रेडी आला. कपाळावर घाम होता. माझ्या हातातला पट्टा घेऊन बांधता बांधता हळूच म्हणाला, ‘जीव तोडून दिली हो परीक्षा. बरी झाली ना?’

बावीस वर्षांच्या ग्रेडीनं मूर्खाचं सोंग घेऊन जेवढे मार्क काढले होते, तेवढेच आज तेहतीस वर्षांच्या ग्रेडीनं जीव तोडून काढले होते. आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसत होते.

दुसऱ्या संघाच्या खेळाडूला फोन करणं आमच्या नियमात बसत नाही. पण ‘पाहिलंय’ असं मी एकाच माणसाला म्हणालो होतो, म्हणून गाडीत जाऊन बसलो आणि लोटोला फोन लावला. त्यानं आधी ग्रेडी नीट पोचला का ते विचारलं, काही खाल्लं का ते विचारलं. मी त्याला मध्येच तोडून म्हणालो, मला काय माहीत आहे असं तू लिहिलंयस?

त्यानं सगळं सांगितलं. ऑगस्टपासून हे चाललं होतं. कोंडाळ्यात ग्रेडी खेळी बरोबर सांगायचा, कारण ती नुकतीच कानात पडलेली असायची. रेषेपर्यंत दहा पावलं चालत आला की गेली. तो लोटोच्या मागे येऊन उभा राहायचा आणि थांबायचा. लोटो मान वळवून त्याला खेळी पुन्हा सांगायचा. कोचला पत्ता नव्हता, मारिसोलला, म्हणजे ग्रेडीच्या बायकोलाही पुरतं माहीत नव्हतं. एवढा एक हंगाम काढू दे, मग सोडतो, असा शब्द ग्रेडीनं दिला होता. हंगाम फेब्रुवारीत संपतो, त्याला तीनच महिने राहिले होते.

‘पण तू तर पाहिलंय म्हणालास,’ लोटो म्हणाला. ‘मला वाटलं, तुला कळलंय आणि तू त्याला सांभाळायला नेतोयस. मी देवाचे आभार मानले. बाबा रे, एकट्या त्याला नेऊन तू काय करणार होतास? मला का नाही घेतलंस?’

मी सात सामने तीन-तीनदा पाहिले होते. सेंटर मान वळवून विचारतोय असं मला दिसलं, आणि तो सांगत होता. फिल्मला आवाज नव्हता, आणि मला माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाचा आवाज नकोच होता.

फोन ठेवताना लोटो म्हणाला, ‘आता एक तर डॉक्टरला सांग, नाहीतर तुमच्या सेंटरला सांग. पण कुणाला तरी सांग. त्याला आणखी एक मार झेपायचा नाही.’

साडेतीनला मी कर्टिसच्या खोलीत गेलो. सांगायलाच गेलो होतो, शपथेवर सांगतो. त्यानं फोटोकडे बघितलं नाही, त्या दिवशी पहिल्यांदाच. हसून मला बसायला सांगितलं, कॉफी मागवली. मी म्हणालो, होकार कळवू नकोस, ग्रेडीच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. त्याचं हसू गेलं. डॉक्टरांचा कागद त्यानं माझ्याकडे सरकवला. त्यावर सगळं ठीक होतं. तुला कुणी सांगितलं, त्यानं विचारलं. लोटोचं नाव मला घेता येईना, घेतलं तर फोनचं निघालं असतं आणि त्याच्यावर शेकलं असतं. निदान तेव्हा मी मनाची समजूत अशी घातली.

मग कर्टिस पुढे वाकला आणि अगदी शांतपणे, थट्टेचा लवलेशही न ठेवता, माझंच वाक्य मला विचारलं.

‘फिल्मवर आहे का?’

होतं. प्रत्येक खेळीत होतं. खाली जाऊन रिमोट दाबला असता तर दोन मिनिटांत दाखवता आलं असतं: हा बघ थांबला, हा बघ लोटो वळला, हे बघ यानं मान हलवली. आणि मग अहवालातलं ते वाक्य त्याच्यासमोर आलं असतं, रेषेचा मालक. दोन वर्षांच्या निवडी मी ज्याच्यावर उधळायला लावल्या, तो माणूस मी उलटा वाचला होता. टेनंटच्या शेजारी दुसरा फोटो लागला असता आणि मी तळघरातून कायमचा वर आलो असतो, नोकरी गमावून, सामानाचं खोकं हातात घेऊन. एकसष्टाव्या वर्षी मला दुसरं काहीही येत नाही. हे सगळं मनात यायला फार वेळ लागत नाही.

मी म्हणालो, ‘नाही.’

‘मग ते नाहीच,’ कर्टिस म्हणाला आणि त्यानं फोन उचलला.

आमच्या सेंटरलाही मी सांगितलं नाही. प्रीस त्याचं नाव, माणूस चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नाही, संध्याकाळच्या आत आख्ख्या इमारतीला कळलं असतं. तीन दिवस मी मूग गिळून बसलो. गुरुवारी दुपारी प्रीस स्वतःच माझ्या खोलीच्या दारात आला आणि विचारलं, नव्या माणसाचं काही खास आहे का, मी काही सांभाळायला हवं का? मी म्हणालो, तू चेंडू सांभाळ. शुक्रवारी ग्रेडी जिन्यात भेटला. मला थांबवून म्हणाला, पहिल्या पंधरा खेळ्या घोकून पाठ केल्यात, झोपेतून उठवा, म्हणून दाखवतो. सामन्याच्या पहिल्या पंधरा खेळ्या आधीच ठरलेल्या असतात. सोळाव्याचं काय, असं मी त्याला विचारलं नाही.

रविवारी मी वर काचेच्या खोलीत कर्टिसच्या शेजारी बसलो होतो. त्या काचेतूनही आवाज आत येत नाही. पहिल्या पंधरा खेळ्या ग्रेडीनं अशा केल्या की लोक उभे राहिले. दोनदा गोलरेषा ओलांडली. कर्टिसनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. आणि मला, लाज वाटते सांगायला, आनंद झाला. क्षणभर वाटलं, कदाचित लोटोच फुगवून सांगत असेल.

दुसऱ्या सत्रात नवी खेळी आली. कोंडाळं मोडलं, सगळे रेषेवर आले. ग्रेडी प्रीसच्या मागे येऊन उभा राहिला आणि थांबला. आठ, सात, सहा. प्रीस ओणवा, नजर समोर. ग्रेडी त्याच्या पाठीकडे बघत होता. चार. तो जरा पुढे वाकला, जणू ऐकायला सोपं जावं म्हणून. कर्टिस म्हणाला, काय थंड माणूस आहे बघ. मी काचेवर हात ठेवून उभा राहिलो. वळ रे, वळ, असं मी प्रीसला मनातल्या मनात म्हणत होतो. तो कशाला वळेल? त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

शेवटच्या सेकंदाला प्रीसनं आपणहून चेंडू मागे दिला. तो ग्रेडीच्या हातात आला. बाकीचे सगळे आपापल्या वाटेनं धावले आणि तो चेंडू धरून तसाच उभा राहिला, मान किंचित कलती करून. त्याच्या पाठीमागून दोघं आले. त्यानं अंगसुद्धा चोरलं नाही, कारण तो अजून ऐकत होता. त्याचं डोकं आधी एका शिरस्त्राणावर आपटलं आणि मग जमिनीवर. हात तसेच हवेत वर राहिले, बोटं वाकडी झाली, आणि बराच वेळ खाली आले नाहीत. आत काचेमागे काहीच ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी फिल्म आली. मी ती एकदाच पाहिली. मग घरी जाऊन मिशा काढून टाकल्या. अठ्ठावीस वर्षांच्या मिशा. खरं सांगायचं तर एवढ्यासाठीच की त्यानं मला ओळखू नये. मला त्याला बघायचं होतं, पण त्यानं माझ्याकडे बघून काही म्हणावं हे मला सोसलं नसतं. असा मी माणूस आहे.

दुपारी हॉस्पिटलात गेलो. मारिसोल पोर्टलंडहून रात्रीच्या विमानानं आली होती. मला ती ओळखत नव्हती. मी संघाकडून आलोय एवढंच सांगितलं आणि तिनं मला खुर्ची दिली. मुलींना आणलंय का, असं मी विचारलं. ती म्हणाली, सकाळी आणलं होतं, हॉटेलवर परत पाठवलं, त्यानं दोघींना नर्स समजून पाणी मागितलं. हे सांगताना ती रडलीसुद्धा नाही.

ग्रेडी जागा होता. डोळे उघडे, हात पांघरुणावर. मनगटावरचा पट्टा हॉस्पिटलवाल्यांनी काढून घेतला होता आणि तो सारखा त्या जागेवर अंगठा फिरवत होता. माझ्याकडे बघून हसला, अगदी विमानतळावर हसला होता तसाच. पण त्यानं मला ओळखलं नव्हतं.

‘तुम्ही इथले का?’ त्यानं विचारलं. ‘मग जरा हॅस्केटला बोलवा ना. पांढऱ्या मिशा. भला माणूस. त्याला माहीत आहे.’

‘सकाळपासून एवढंच बोलतोय,’ मारिसोल म्हणाली. ‘माझं नाव घेत नाही, मुलींचं घेत नाही. कोण हो हा हॅस्केट? त्याला काय माहीत आहे?’

माझा हात ओठावर गेला. तिथे नुसती गार कातडी होती. मी म्हणालो, ‘आहे एक आमच्यात. फिल्म बघतो.’

‘मग येईल का तो?’

ग्रेडीनं मान जरा कलती केली आणि उत्तर ऐकायला थांबला. मी म्हणालो, निरोप देतो, आणि कोट उचलला.